खुर्ची, दौरा आणि दफ्तर : लुथरन बिशपचं रोजचं काम



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळाखात्यात दिपोटी, म्हणजे शाळा-तपासनीस, होते. त्यांच्या आठवणी सांगू शकतील अशी माणसं आज पहिल्या दोन रांगांत बसली आहेत, म्हणून मी त्यांत भर घालत नाही. दिपोटी येणार म्हटल्यावर शाळेची जमीन सारवली जायची, फळ्याला काजळी लागायची आणि हजेरीपत्रकातली मुलं खरोखरच वर्गात दिसायची, एवढं आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. चांगला दिपोटी सारवलेली जमीन पाहायचा नाही. तो मागच्या बाकावरच्या मुलाला उभं करून वाचायला लावायचा. ज्याचं काम म्हणजे जाणं, पाहणं, विचारणं आणि लिहून ठेवणं, अशाच एका पदाविषयी आज बोलायचं आहे. ते पद आपल्यापासून दूरचं आहे : उत्तर युरोपातल्या लुथरन चर्चचा बिशप.

महाराष्ट्रात बिशप म्हटलं की वसई आठवते. वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांवर संशोधन केलं, हेही इथल्या वाचकांना ठाऊक आहे. ते कॅथलिक. लुथरन बिशपही डोक्यावर उंच टोपी घालतो, हातात मेंढपाळाची काठी धरतो, गळ्यात क्रूस घालतो. निदान स्वीडनमध्ये तरी. फोटोत दोघांतला फरक चटकन कळणार नाही. पण लुथरन बिशपवर पोप नाही, त्याला ब्रह्मचर्याची अट नाही आणि आता तर तो ‘तो’च असेल असंही नाही. १९९२ मध्ये हँबर्ग इथे मारिया येप्सेन निवडून आल्या. जगातल्या त्या पहिल्या लुथरन स्त्री-बिशप. आणखी एक फरक फोटोत दिसतच नाही. या बिशपच्या हाती विधींची मक्तेदारी फारच थोडी आहे. बाप्तिस्मा, लग्न, दफन, प्रभुभोजन, मुलांचं दृढीकरण हे सगळं गावचा पाळक करतो. बिशपकडे उरते ती नव्या पाळकांना दीक्षा, नव्या चर्चचं समर्पण आणि पाहणी. मग उरलेला वेळ हा माणूस करतो काय?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतले कित्येक बिशप चक्क राजे होते. किल्ले, फौजा, जकातीची नाकी सगळं त्यांच्याकडे. आपल्या प्रांतातल्या खेड्यांत पाऊलही न टाकलेला बिशप त्या काळी दुर्मीळ नव्हता. १५१७ नंतर मार्टिन लुथरच्या बाजूने गेलेल्या मुलखांत या बिशपांची सत्ता मानणं बंद झालं. बंद करणं सोपं होतं. दहा वर्षांतच प्रश्न उभा राहिला, की आता खेड्यातल्या पाळकाला विचारणार कोण? तो काय शिकवतो, शिकवतो की नाही, त्याला पोटापुरतं मिळतं का, चर्चच्या जमिनीचं उत्पन्न कुणाच्या घरात जातं? सॅक्सनीच्या राज्यकर्त्याने १५२७-२८ मध्ये पाहणीची पथकं काढली. त्यांत धर्मपंडित होते तसे सरकारी कारभारीही होते. फिलिप मेलँक्थॉनने या तपासनिसांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली, लुथरने तिला प्रस्तावना जोडली आणि १५२८ मध्ये ती छापली गेली.

लुथर स्वतःही या पाहणीवर गेला आणि हादरून परतला. विद्यापीठात बसून त्याने कृपा, श्रद्धा आणि स्वातंत्र्य यांवर ग्रंथ लिहिले होते. खेड्यातल्या माणसाला प्रभूची प्रार्थनाही धड येत नव्हती आणि कित्येक पाळक ती शिकवण्याच्या लायकीचे नव्हते. १५२९ मध्ये त्याने घरोघरी शिकवता येईल अशी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. लुथरन जगात पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेलं हे पुस्तक एका तपासणी दौऱ्यातून जन्मलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाहणीने आधी तपासनिसालाच शिकवलं.

जर्मनीत या पाहणीची सूत्रं राजांनी आपल्याच हातात ठेवली. तिथे १९१८ मध्ये राजेशाही कोसळेपर्यंत प्रांताचा राजा हाच चर्चचा सर्वोच्च बिशप मानला जाई. स्कँडिनेव्हियात मात्र पद टिकलं आणि बदललं. डेन्मार्कच्या तिसऱ्या ख्रिश्चनने १५३६ मध्ये जुन्या बिशपांना अटक केली, त्यांच्या जमिनी खालसा केल्या आणि २ सप्टेंबर १५३७ रोजी कोपनहेगनमध्ये सात नवे प्रमुख नेमून त्यांना दीक्षा देवविली. दीक्षा देणारा योहान्नेस बुगेनहागेन हा लुथरचा सहकारी, विटेनबर्गचा पाळक. स्वतः बिशप नव्हता. नव्या माणसांना हुद्दा मिळाला ‘सुपरिंटेंडेंट’. लोक त्यांना बिशपच म्हणत राहिले. किल्ले गेले, फौजा गेल्या. हाती राहिला घोडा आणि वही.

या सातांतला पेडर पलादियुस हा झीलंड बेटाचा प्रमुख. वय चौतीस. पहिल्या पाचेक वर्षांत तो आपल्या भागातल्या जवळपास ३९० चर्चना जाऊन आला. या दौऱ्यांवर तो काय बोले, काय विचारी, हे त्याच्या ‘पाहणीच्या वही’त राहिलं आहे, तिचं हस्तलिखित एकोणिसाव्या शतकात उजेडात आलं. ती वाचताना धर्मशास्त्राचा ग्रंथ वाचल्यासारखं वाटत नाही. चर्चच्या आवारात डुकरं शिरू नयेत म्हणून कुंपण, कुणी कुठे बसायचं, सुईणीने काय करायचं, भिकाऱ्यांचं काय करायचं, मुलांना कोणती गाणी शिकवायची; सगळं तो सांगतो आणि लोकांच्या बोलीत सांगतो. त्याच वहीत चेटकिणींना शोधून जाळण्याला पाठिंबाही आहे. तोही वाचला पाहिजे. घराघरांत डोकावणारा अधिकार कुंपणाच्या भोकापाशी थांबत नाही. शेजाऱ्याच्या संशयालाही तो बळ देतो. पाहणीचा गौरव करताना तिची ही बाजू झाकली, तर ती प्रामाणिक पाहणी होणार नाही.

आता आजच्या काळात येऊ आणि स्वीडनमध्ये थांबू, कारण तिथलं काम नियमांत नीट बांधलेलं आहे. स्वीडिश चर्चचे तेरा धर्मप्रांत आहेत आणि बिशप चौदा. कारण उप्सालाच्या आर्चबिशपला देशाचं काम एवढं असतं, की त्या प्रांतासाठी आणखी एक बिशप नेमलेला आहे. १ जानेवारी २००० रोजी चर्च आणि सरकार वेगळे झाले. तोवर बिशपची अखेरची नेमणूक सरकार करी. प्रांतातल्या मतदारांकडून तीन नावं वर जात आणि त्यांतलं एक सरकार निवडत असे. आता पाळक, सेवक (डीकन) आणि मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, प्रतिनिधी मिळून बिशप निवडतात. निवडून आलेला बिशप दोन टेबलांच्या डोक्याशी बसतो. एक प्रांताचं कार्यकारी मंडळ : पैसा, माणसं, आराखडे. दुसरं ‘डोमकापिटल’ : पाळक आणि सेवक यांच्यावर देखरेख ठेवणारं मंडळ. त्यात कॅथीड्रलचा प्रमुख पाळक असतो, पाळकांचा आणि सेवकांचा प्रतिनिधी असतो, लोकनियुक्त सभासद असतात आणि न्यायाधीशाचा अनुभव असलेला एक कायदेतज्ज्ञ असतो.

या मंडळासमोर काय येतं? एखाद्या पाळकाने दीक्षेच्या वेळी दिलेलं वचन मोडल्याची तक्रार. व्यसनामुळे कामावर न येणं. मंडळी आणि पाळक यांचं इतकं बिनसलं आहे की दोघांनी एकमेकांना फक्त पत्रं पाठवायची. गावचा प्रमुख पाळक निवडण्याचा हक्क मंडळीचा. उमेदवार पात्र आहे का, एवढंच डोमकापिटल पाहतं. म्हणजे आपल्या प्रांतातल्या प्रमुख पाळकांची नेमणूकही बिशपच्या हातात नाही. बैठकीत बिशप अध्यक्ष असला तरी मत एकच. त्याच्या एकट्याच्या अखत्यारीत येणारा मोठा निर्णय म्हणजे दीक्षा. उमेदवारांची तपासणी मंडळ करतं. दीक्षा द्यायची की नाही, हे शेवटी बिशप ठरवतो. वर्षानुवर्षं शिकून आलेल्या माणसाला समोर बसवून ‘तुम्ही या कामासाठी नाही’ असं सांगणं, हा या नोकरीतला मोठा अवघड तास असणार.

त्याहून अवघड एक गोष्ट आहे. बिशप हा पाळकांचा पाळक. थकलेला, घटस्फोटातून जाणारा, श्रद्धाच हरवलेला पाळक मन मोकळं करायला जाणार कुणाकडे? बिशपकडे. आणि त्याच पाळकाविरुद्ध तक्रार आली तर ती ज्या मंडळासमोर जाते, त्याचा अध्यक्ष कोण? तोच बिशप. स्वीडिश चर्चमध्ये पापकबुलीत ऐकलेलं कुणालाही न सांगण्याचं बंधन पूर्ण आहे. त्याला अपवाद नाही. साहजिकच, बंद दाराआडचं बोलणं कोणत्या नात्याने चाललं आहे, गुरू म्हणून की वरिष्ठ म्हणून, हे दोघांनाही आधी स्पष्ट असावं लागतं. कारखान्यातल्या मॅनेजरला ही अडचण नसते. तो कामगाराचे अश्रू पुसत नाही, आणि पुसले तर ते त्याचं काम म्हणून नव्हे.

पाहणी आजही होते, पण पेडर पलादियुससारखी घोड्यावरून अचानक नाही. मंडळीची कागदपत्रं आधी मागवली जातात. मग बिशप आणि बरोबरची माणसं काही दिवस तिथे राहतात. मंडळीच्या समितीशी बोलणं, कर्मचाऱ्यांशी बोलणं, वृद्धाश्रमात चक्कर, शाळेत चक्कर, हिशेब, इमारती. रविवारी उपासना, बिशपचं प्रवचन आणि नंतर सगळ्यांसमोर, पाहिलं ते काय आणि करायचं ते काय, याचं निवेदन. मागाहून लेखी इतिवृत्त. पुढच्या पाहणीला येणारा बिशप, कदाचित हाच, कदाचित दुसरा, ते इतिवृत्त हातात घेऊन येतो. शतकानुशतकांच्या अशा इतिवृत्तांचे गठ्ठे स्वीडनच्या अभिलेखागारांत आहेत आणि गावांचा इतिहास लिहिणारे संशोधक ते उलगडत बसतात.

इमारतींचा विषय निघाला म्हणून सांगतो. या चर्चकडे तीन हजारांवर उपासना-इमारती आहेत, कित्येक मध्ययुगीन. १९३९ पर्यंत बांधलेल्या चर्चना कायद्याने वारशाचं संरक्षण आहे; त्यांत काही बदल करायचा तर सरकारी परवानगी लागते. रविवारी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच माणसं जिथे येतात, तिथलं आठशे वर्षांचं छप्पर बिशपच्या कार्यक्रमपत्रिकेवर येतं. दफनभूमींचंही तसंच. स्टॉकहोम आणि त्रानोस ही दोन ठिकाणं वगळता देशभरच्या सार्वजनिक दफनभूमी स्वीडिश चर्चच सांभाळतं, आणि त्या सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी. गोथेनबर्गला नोकरी करणाऱ्या मराठी इंजिनिअरच्या पगारातून करासोबत दफन-शुल्क कापलं जातं, ते त्या कामासाठी तिथल्या लुथरन चर्चकडे जातं. आपल्या पगारपत्रकातल्या त्या ओळीमागे एक धर्मसंस्था आहे, हे कित्येकांच्या गावीही नसेल.

दफ्तराची ही सवय जुनी आहे. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च-कायद्याने पाळकावर आपल्या लोकांच्या नोंदी ठेवण्याचं काम टाकलं. पाळक घरोघरच्या माणसांना एकत्र बसवून वाचायला येतं का, प्रश्नोत्तरी कळते का, हे तपासायचा आणि वहीत खूण करायचा. गावोगाव सरकारी शाळा निघण्याच्या पुष्कळ आधी या देशातली बहुसंख्य माणसं वाचू शकत होती, त्यामागे ही तपासणी होती. १७४९ पासून जन्म-मृत्यूचे तक्ते पाळकांकडून वर जाऊ लागले, आणि स्वीडनला जगातली सर्वांत जुनी सलग लोकसंख्या-आकडेवारी मिळाली. ही नोंदणी १९९१ मध्ये कर-खात्याकडे जाईपर्यंत चर्चच करत होतं.

कवी एसायास तेग्नेर १८२४ मध्ये वेक्शोचा बिशप झाला. त्याचं ‘फ्रिथ्योफची गाथा’ हे काव्य लवकरच युरोपभर पोचलं. पण त्याच्या टेबलावर काव्य कमी आणि अर्ज जास्त असत. त्या काळी बिशप हा प्रांतातल्या शाळांचाही प्रमुख असे, आणि संसदेत धर्मगुरूंच्या सभागृहाचा सदस्यही. तेग्नेर शाळांमध्ये भाषणं द्यायचा, मुलांच्या परीक्षांना हजर राहायचा, दौरे करायचा, पिऊन पडणाऱ्या पाळकांची प्रकरणं निपटायचा. देशाची लोकसंख्या का वाढते आहे, याची त्याने सांगितलेली तीन कारणं स्वीडनमध्ये अजून शाळेत शिकवतात : शांतता, देवीची लस आणि बटाटा. कवीच्या तोंडी बटाटा कसा आला? तक्ते रोज हाताखालून जात होते, म्हणून. या सगळ्याची किंमतही त्याने मोजली. १८४० मध्ये त्याचं मानसिक स्वास्थ्य ढळलं आणि उपचारासाठी त्याला दूर जावं लागलं.

दफ्तरानंतर दौरा. नॉर्वेचा योहान अर्न्स्ट गुनेरुस १७५८ मध्ये ट्रोनह्यमचा बिशप झाला. त्याचा प्रांत उत्तरेला पार ध्रुवीय प्रदेशापर्यंत. रुजू होताच पाळकांना लिहिलेल्या पत्रात त्याने त्यांना निसर्गाचा अभ्यास करायला सांगितलं. स्वतः दौऱ्यावर असताना तो किनाऱ्यावरची झाडं, मासे, पक्षी गोळा करी. पाळक त्याला नमुने पाठवत. त्यातून नॉर्वेच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ तयार झाला आणि १७६० मध्ये ट्रोनह्यमला जी विद्वत्सभा निघाली ती आजही चालू आहे. लिनियसने एका वनस्पती-प्रजातीला ‘गुनेरा’ हे नाव दिलं ते याच्यावरून. १७७३ मध्ये दौऱ्यावर असतानाच क्रिस्टियानसुंदला त्याचा अंत झाला. आइसलंडमध्ये होलारचा गुडब्रांडुर थोरलाक्सोन छप्पन्न वर्षं, १५७१ ते १६२७, बिशप होता. त्याने स्वतःचा छापखाना चालवून १५८४ मध्ये संपूर्ण बायबल आइसलँडिकमध्ये छापलं, आणि त्याने केलेला देशाचा नकाशा ऑर्टेलियसच्या नकाशासंग्रहात गेला. नकाशा कोण काढू शकतो? ज्याला वाटा माहीत असतात तो.

या पदाचा तिसरा भाग पत्रांचा, आणि त्यात नाथान सेडरब्लूम यांचा हात धरणारं कुणी नाही. १९१४ मध्ये उप्सालाच्या आर्चबिशपपदासाठी वर गेलेल्या तीन नावांत ते तिसरे होते. सरकारने त्यांनाच निवडलं. ते धर्मेतिहासाचे प्राध्यापक. पॅरिसला स्वीडिश मंडळीचे पाळक असताना आल्फ्रेड नोबेलशी त्यांची ओळख होती आणि नोबेलच्या अंत्यसंस्कारातलं प्रवचनही त्यांनीच केलं. आर्चबिशप झाल्यावर काही आठवड्यांतच महायुद्धातल्या दोन्ही बाजूंच्या चर्चना त्यांनी शांततेचं आवाहन पाठवलं. पुढची अकरा वर्षं पत्रं, तारा, प्रवास; आणि १९२५ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमला जगभरच्या चर्चचे सहाशेवर प्रतिनिधी एकत्र आले. ज्यांचे देश सात वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांवर तोफा डागत होते, ती माणसं मजुरी, घरं, शाळा आणि युद्ध यांवर एका सभागृहात बोलली. १९३० मध्ये सेडरब्लूमना शांततेचं नोबेल मिळालं. याच काळात त्यांचे प्रांतातले पाहणी-दौरे चालूच होते; विद्यापीठाच्या कारभारात पद होतं; घरी मोठा संसार होता. १९२१ मध्ये रवींद्रनाथ उप्सालाला आले, १९२२ मध्ये साधू सुंदरसिंग. पाहुण्यांना घर कायम उघडं. या साऱ्याचा भार वाहणाऱ्या होत्या पत्नी आना. पतीच्या लेखनात त्यांची मदत असे आणि त्यांच्या मागे त्याचं संपादनही त्यांनीच केलं. बिशपच्या घरातल्या या बिनपगारी कामाची नोंद कोणत्याही पाहणीच्या इतिवृत्तात नाही. स्वीडनमध्ये १९५८ च्या कायद्याने स्त्रियांना पाळक होण्याचा मार्ग खुला झाला, १९६० मध्ये पहिल्या तिघींना दीक्षा मिळाली, आणि लुंडला पहिल्या स्त्री-बिशप क्रिस्तीना उडेनबेर्य आल्या त्या १९९७ मध्ये. मधल्या काळात काही बिशप स्त्रियांना दीक्षाच देत नव्हते. दीक्षेचा अधिकार एका हातात असण्याचा हा दुसरा अर्थ.

पाहणारं जवळ कुणी नसलं तर काय होतं, हे आपल्याच देशात दिसलं. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेयुस त्सिगेनबाल्ग आणि हाइन्रिख प्ल्यूत्शाउ हे दोन लुथरन मिशनरी तामिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरले. पाठवणारा डेन्मार्कचा राजा. पण तिथल्या डॅनिश किल्लेदाराचं त्यांच्याशी पटेना, आणि त्याने त्सिगेनबाल्गला महिनोन्‌महिने कोठडीत टाकलं. दाद मागायची कुणाकडे? वरिष्ठ कोपनहेगनला आणि जर्मनीतल्या हालेला, आणि मधे जहाजाचा कित्येक महिन्यांचा प्रवास. त्याच मिशनचा ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात वावरला. सरफोजीराजे दुसरे यांचा तो शिक्षक आणि पाठीराखा. १७९८ मध्ये तो वारल्यावर राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा मराठी इतिहास कोरवणारे हे तेच राजे. तामिळ लुथरन चर्च स्वतंत्र झालं १९१९ मध्ये. १९२१ मध्ये त्याला पहिला बिशप मिळाला, अर्न्स्ट ह्यूमन हे स्वीडिश मिशनरी. आणि पहिले भारतीय बिशप राजा मणिक्कम आले १९५६ मध्ये. म्हणजे मिशनरी उतरल्यापासून अडीचशे वर्षांनी या मंडळ्यांची पाहणी करणारा माणूस त्यांच्यातला झाला. त्या अडीचशे वर्षांत भारतीय पाळक होते. पहिले, आरोन, यांना तर १७३३ मध्येच दीक्षा मिळाली होती. सेवा करायला इथला माणूस चालत होता, तपासायला चालत नव्हता. वसाहतीच्या कारभारात हा क्रम आपण इतरत्रही पाहिला आहे.

आता शेवटचं उदाहरण. माझं म्हणणं त्यावर उभं आहे. आइविन बेर्गग्राव १९२८ ते १९३७ या काळात नॉर्वेच्या अति उत्तरेचे बिशप होते. मंडळ्या बेटांवर विखुरलेल्या, हिवाळ्यात सूर्य नाही, प्रवास बोटीचा. त्या दौऱ्यांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. मग ते ऑस्लोला आले आणि १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या. १ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मनांना साथ देणारा नॉर्वेजियन नेता क्विस्लिंग सरकारचा प्रमुख झाला. त्याच दिवशी ट्रोनह्यमच्या कॅथीड्रलमध्ये नव्या राजवटीची उपासना ठेवली गेली आणि तिथले प्रमुख पाळक आर्ने फ्येल्बू यांना आपली उपासना दुपारी घ्यावी लागली. पोलिसांनी लोकांना अडवलं, तेव्हा ते बाहेर थंडीत उभे राहिले आणि गायले. फ्येल्बू यांना बडतर्फ केलं गेलं. २४ फेब्रुवारीला नॉर्वेच्या सर्व बिशपांनी राजीनामे दिले.

त्या राजीनाम्यातला भेद बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यांनी सोडली ती सरकारी नोकरी : पगार, कार्यालय, शिक्का, सरकारने दिलेले अधिकार. दीक्षेने आलेलं काम आम्ही सोडत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. ५ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, देशभरच्या चर्चमधून निवेदन वाचलं गेलं आणि नव्वद टक्क्यांहून अधिक पाळकांनी त्याच पद्धतीने राजीनामे दिले. बेर्गग्राव यांना आस्करच्या जंगलातल्या एका लाकडी घरात पहाऱ्यात ठेवलं. युद्ध संपत येईतो, एप्रिल १९४५ पर्यंत, ते तिथे होते. सरकारने आपले बिशप नेमले. त्यांना कॅथीड्रल मिळाली, कार्यालयं मिळाली, शिक्के मिळाले. माणसं मिळाली नाहीत. मंडळ्या राजीनामा दिलेल्या पाळकांकडे जात राहिल्या आणि पाळक राजीनामा दिलेल्या बिशपांचं ऐकत राहिले.

का? नॉर्वेत त्या वेळी शिक्षकांनीही असाच नकार दिला होता, देशभक्तीची लाट होती, हे सगळं खरं. पण लाटेला धरून ठेवायला काही लागतं. बेर्गग्राव एखाद्या बेटावरच्या पाळकाला ओळखत होते, कारण ते तिथे गेले होते, त्याच्या घरी जेवले होते, त्याची वही तपासली होती, चूकही दाखवली होती. हुकूम पोचवायला कार्यालय लागतं. शब्द पोचवायला आधी झालेली भेट पुरते, अगदी बिशप पहाऱ्यात असला तरी. चारशे वर्षं ज्या दौऱ्यांना लोक सरकारी तपासणी समजत होते, त्यांतून एक वेगळंच भांडवल साठत होतं, आणि ते सरकारच्या खात्यावर जमा झालं नव्हतं.

मित्रहो, म्हणून मी बिशपच्या टोपीविषयी फारसं बोललो नाही, छपराविषयी, तक्त्यांविषयी आणि बोटींविषयी बोललो. पदावरच्या माणसाची परीक्षा आपण त्याच्या भाषणांवरून करतो; मंत्री असो, कुलगुरू असो, संस्थेचा अध्यक्ष असो. पाहणीचं इतिवृत्त कुणी वाचायला मागत नाही. मागायला हवं. हा माणूस शेवटच्या गावाला गेला होता का, गेला तेव्हा काय विचारलं, काय लिहून ठेवलं, आणि पुढच्या खेपेला त्याचं काय झालं? पलादियुसची वही सांगते, की पाहणारी नजर क्रूरही होऊ शकते. त्यावर उपाय नजर काढून घेण्याचा नाही. पाहणाऱ्यालाही कुणीतरी पाहिलं पाहिजे. स्वीडनने बिशपच्या टेबलाशी न्यायाधीश बसवला, मंडळीचे लोक बसवले आणि बिशपला एकच मत दिलं, ते याचसाठी. आपल्याकडच्या देवस्थानांच्या, शिक्षणसंस्थांच्या, सहकारी संस्थांच्या विश्वस्तांना हे चार प्रश्न दरवर्षी विचारायचे ठरवलं, तर सभा लांबतील, काही खुर्च्या रिकाम्या होतील, आणि ज्या भरलेल्या राहतील त्यांच्यावर बसलेल्यांना आपल्या संस्थेच्या वाटा ठाऊक असतील.